स्प्रिंगफील्ड ते शेनँडोआ : ठासणीच्या बंदुकीच्या मागावर सहा दिवस

पहिला दिवस : स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स

ठासणीची बंदूक म्हणजे शेतातली रानडुकरे हाकलण्याचे हत्यार, अशीच माझी लहानपणापासूनची समजूत होती. सावंतवाडीकडच्या आमच्या गावी आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एक बंदूक होती; नळीत दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, वर छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी नळीच्या मागच्या पोकळ खुंटीवर, म्हणजे निपलवर, तांब्याची केप (टोपी) बसवून घोडा ओढायचा. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर गंजाचा एखादा नवा डाग घेऊन घरी यायची. पुढे पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी चौतीस वर्षे गेजेस, म्हणजे भाग मापात आहे की नाही हे पाहण्याची साधने, करण्यात आणि तपासण्यात गेली. गेजने तपासून एकमेकांत बसणारे सारखे भाग बनवण्याच्या ज्या पद्धतीवर माझे पोट भरले ती पद्धत आजोबांच्या बंदुकीच्याच जातकुळीतल्या लष्करी रायफलींच्या कारखान्यांत वाढीला लागली, हे मात्र मला निवृत्तीनंतर, लेकीकडे कनेटिकटला आल्यावर कळले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जावयाने रजा काढली. “बाबा, तुम्हाला त्या बंदुका बघायच्याच आहेत, तर मुळापासून बघू,” असे म्हणून त्याने गाडी प्रथम स्प्रिंगफील्डकडे वळवली. येथील सरकारी आर्मरी, म्हणजे शस्त्रांचा कारखाना, १७९४ साली स्थापन झाली आणि १९६८ साली बंद झाली. तिच्या मुख्य इमारतीत आता संग्रहालय आहे. आत गेल्यावर नजर खिळते ती सहाशेहून अधिक रायफली उभ्या रचलेल्या एका प्रचंड घोडीवर. कवी लाँगफेलो १८४३ साली नववधूसह येथे आले होते आणि बंदुकांच्या अशा रांगांना ऑर्गनच्या नळ्यांची उपमा तेव्हापासून जी चिकटली ती आजतागायत सुटलेली नाही. जावयाने त्या घोडीचे पुष्कळ फोटो काढले. माझे पाय मात्र शेजारच्या ब्लँचर्डच्या लेथपाशी थांबले.

टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या लेथचे तत्त्व आपल्याकडे चौकाचौकात पाहायला मिळते. किल्लीवाला मूळ किल्ली एका बाजूला बांधतो, दुसऱ्या बाजूला कोरी किल्ली, आणि मूळ किल्लीच्या चढउतारांवरून सरकणाऱ्या काट्याबरोबर कापणारे चाकही तसेच आतबाहेर होते. ब्लँचर्डने हेच अक्रोडाच्या लाकडावर, सबंध दस्त्याच्या लांबीभर, आणि तेही नमुना व ठोकळा दोन्ही फिरते ठेवून साधले. नमुना लोखंडी दस्त्याचा. त्यावरून एक चाक घासत जाते आणि तेवढ्याच व्यासाचे पातीदार चाक शेजारच्या लाकडाला तेवढेच खात जाते. दस्त्यासारखी वाकडीतिकडी, कुठेही सरळ रेषा नसलेली वस्तू यंत्रावर होऊ शकते यावर त्या काळच्या सुतारांचा विश्वास कसा बसला असेल, याचे मला राहून राहून नवल वाटले.

एका काचपेटीत तपासनिसांची गेजेस मांडलेली होती. लॉकच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पाटीसाठी एक, घोड्यासाठी एक, स्क्रूंसाठी निराळी. झिजून कडा गुळगुळीत झालेली. त्यापूर्वी बंदुकीचा प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच्या जोडीदाराशी जुळवायचे आणि त्यावर एकच खूण ठोकायचे, म्हणजे एका बंदुकीचा भाग दुसरीला चालत नसे. १८४२ च्या नमुन्याची .६९ इंच व्यासाची, आतून गुळगुळीत नळीची मस्केट ही सरकारी कारखान्यांत मोठ्या संख्येने बनलेली पहिली अशी बंदूक, की जिचे भाग स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी या दोन्ही ठिकाणचे एकमेकांत बसत. योगायोगाने हीच सरकारी मस्केटांपैकी पहिली टोपीची मस्केट. अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग बंदुकीत करण्याचे पेटंट १८०७ साली घेतले होते. पुढे ते द्रव्य तांब्याच्या इवल्या टोपीत बसले, आणि गारगोटीची ठिणगी, उघड्या कानातली दारू, वारा, पाऊस या साऱ्या कटकटी एकदम संपल्या. भागांची अदलाबदल आणि तांब्याची टोपी या दोन्ही गोष्टी एकाच बंदुकीत आल्यामुळे त्या काचपेटीपुढून मला लवकर हलवेना.

१८६१ च्या नमुन्याची रायफल-मस्केट हे या घराण्याचे मोठे अपत्य. व्यास .५८ इंच, नळी ४० इंच, आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन पिळदार खाचा. १८६० साली या कारखान्यातून दहा हजारही बंदुका बाहेर पडल्या नव्हत्या. उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधले यादवी युद्ध ऐन भरात असताना १८६४ साली सुमारे पावणेतीन लाख बाहेर पडल्या. हा फरक माणसे वाढवून भागणारा नाही. गेज नसते तर तेवढे फिटर अमेरिकेत मिळालेही नसते.

दुसरा दिवस : विंडसर, व्हरमाँट

कनेटिकट नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे निघालो. मेपलची पाने लाल झालेली होती, रस्त्यावर ती पाहायला आलेल्यांची गर्दी होती, आणि त्या गर्दीतले आम्हीच बहुधा असे, की ज्यांना विटांची एक जुनी गिरणीवजा इमारत पाहायची होती. ओढ्याकाठची ही इमारत १८४६ सालची, रॉबिन्स, केंडॉल आणि लॉरेन्स या भागीदारांच्या बंदूक कारखान्याची. आता तेथे यंत्र-अवजारांचे संग्रहालय आहे.

या भागीदारांनी १८४१ च्या नमुन्याच्या दहा हजार रायफली पुरवण्याचे कंत्राट घेतले, तेव्हा हातात धड कारखानाही नव्हता. तो उभारून त्यांनी मुदतीच्या दीड वर्ष आधी माल पुरा केला. पुढे १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील जागतिक प्रदर्शनात त्यांनी सहा रायफली ठेवल्या; त्यांचे भाग सुटे करून एकमेकांत मिसळले तरी पुन्हा सहा रायफली उभ्या राहत. ब्रिटिशांनी हे पाहिले, तज्ज्ञांची समिती अमेरिकेत पाठवली, आणि एनफिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी यंत्रे विंडसरहून मागवली. दस्ते कोरणारी यंत्रे स्प्रिंगफील्डशेजारच्या चिकोपी गावातून गेली.

एनफिल्ड हे नाव वाचताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शाळेच्या इतिहासातले चरबी लावलेले काडतूस उभे राहते. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ती हीच, जिच्या काडतुसांवरून बराकपूरला २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एनफिल्डमधील यंत्रांवरचे उत्पादन नीट मार्गी लागेपर्यंत भारतात उठाव उसळलेला होता, त्यामुळे विंडसरच्या यंत्रांना त्या काडतुसांच्या पापाचे धनी करण्यात अर्थ नाही. जावयाला हा संबंध जोडण्याचा मोह अनावर झाला होता. परतीच्या वाटेवर त्यावरून आमची थोडी वादावादीही झाली.

येथील मिलिंग यंत्रांपुढे मी बराच वेळ घालवला. टूलरूममधल्या माझ्या जुन्या सोबत्यांना ती चालवायला दिली असती, तर चहाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी त्यावर काम काढून दाखवले असते, इतकी ती ओळखीची वाटली.

तिसरा दिवस : प्रवास

सुमारे आठशे किलोमीटर गाडी चालली. पेनसिल्व्हेनियातून खाली उतरून रात्री गेटिसबर्गला मुक्काम केला. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांच्या लढाईनंतर येथील रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा करण्यात आल्या आणि त्यांतल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्याच होत्या, अशी नोंद आहे. त्यांपैकी बारा हजारांत दोन-दोन बार एकावर एक ठासलेले होते, आणि एका बंदुकीत तर तेवीस. चापही दाबलेला नाही, किंवा दाबला तरी बार उडाला नाही हे शिपायाला कळलेच नाही, अशा त्या बंदुका. निजताना जावई म्हणाला, “तेवीस म्हणजे अतिशयोक्ती वाटते.” मलाही तेव्हा तसेच वाटले.

चौथा दिवस : हार्पर्स फेरी

पोटोमॅक आणि शेनँडोआ या नद्यांच्या संगमावर, तीन बाजूंनी डोंगर असलेले हे गाव चिंचोळ्या जिभेसारखे पुढे आलेले आहे. १८४१ च्या नमुन्याची, .५४ इंच व्यासाची, पितळी साजाची देखणी रायफल येथे १८४६ ते १८५५ या काळात पंचवीस हजारांवर बनली. अमेरिकी सरकारी कारखान्यांनी मुळातच टोपीसाठी म्हणून बनवलेली ही पहिली रायफल. तिच्या नळीत सात खाचा असत आणि गोल गोळी कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासावी लागे. मेक्सिकोच्या युद्धात, फेब्रुवारी १८४७ मध्ये, ब्वेना व्हिस्टा येथे जेफरसन डेव्हिस यांच्या मिसिसिपी पलटणीने तिच्यानिशी नाव कमावले आणि रायफलीला ‘मिसिसिपी’ हे टोपणनाव मिळाले.

कापडात गुंडाळलेली घट्ट गोळी ठासायला वेळ लागतो. सैल गोळी लवकर उतरते पण खाचा पकडत नाही. सबंध युरोप या अडचणीत अडकलेला होता. क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ साली तळाशी पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली आणि त्या पोकळीत लोखंडी वाटी बसवली. बार झाला की वाटी आत रेटली जाऊन शिशाचा घेर फुगे. हार्पर्स फेरीच्या कारखान्यातील जेम्स बर्टन याने ती वाटीच काढून टाकली. पोकळीची खोली आणि कडेची जाडी नेमकी ठेवली, तर दारूचा वायू एकटाच घेर फुगवतो, हे त्याने दाखवले. वस्तू वाढवून सुधारणा करणारे कारागीर पुष्कळ भेटतात. भाग कमी करून सुधारणा करणारा क्वचितच, आणि म्हणून या प्रवासात मला सर्वांत आवडलेला माणूस हा बर्टन. तो पुढे एनफिल्डचा कारखाना मार्गी लावायला इंग्लंडला गेला आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने रिचमंडच्या कारखान्याची सूत्रे त्याच्याकडे आली.

बर्टनच्या गोळीसाठी १८५५ चा नवा .५८ व्यासाचा नमुना मंजूर झाला, तेव्हा युद्धमंत्री होते तेच जेफरसन डेव्हिस. सहा वर्षांनी ते दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचे अध्यक्ष झाले आणि याच रायफली दोन्हीकडून झडल्या. १८५५ च्या नमुन्यात एक गंमत होती. वॉशिंग्टनमधील दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांची कागदी फीत तिच्या लॉकमध्ये बसवलेली असे. दर वेळी टोपी हाताने बसवायला नको, घोडा ओढला की फीत एक घर पुढे सरके. संग्रहालयात ती पाहून मी मोठ्याने हसलो, कारण दिवाळीत टिकल्यांचा रोल घालून पत्र्याचे पिस्तूल फोडणारा प्रत्येक मुलगा मेनार्डचे यंत्र चालवत असतो. टिकल्या सादळल्या की फुटत नाहीत, हेही त्या मुलाला ठाऊक असते. अमेरिकेच्या सैन्याला ते कळायला काही वर्षे लागली, आणि १८६१ च्या नमुन्यातून फीत गेली, साधी टोपी परत आली.

खुद्द कारखान्याचे येथे फारसे काही उरलेले नाही. जॉन ब्राउन याने गुलामगिरीविरुद्धच्या उठावासाठी १८५९ च्या ऑक्टोबरात येथील शस्त्रे ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो ज्या बंबखान्यात अडकला ती लहानशी इमारत, तीही जागा बदलत बदलत, तेवढी उभी आहे. एप्रिल १८६१ मध्ये माघार घेणाऱ्या सरकारी तुकडीने शस्त्रागाराला आग लावली. यंत्रे बरीचशी वाचली आणि दक्षिणेने ती रिचमंड व फेएटव्हिल येथे हलवली. कारखान्याच्या जागेवर आता रेल्वेचा भराव आहे. आम्ही तेथे उभे असताना एक मालगाडी गेली आणि ती संपेपर्यंत जावयाला माझे बोलणे ऐकू आले नाही.

पाचवा दिवस : फोर्ट शेनँडोआ, विंचेस्टरजवळ

यादवी युद्धकालीन शस्त्रांच्या नेमबाजीची एक संघटना १९५० पासून चालत आलेली आहे आणि तिच्या राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, या मैदानावर होतात. निळ्या आणि करड्या लोकरी गणवेशातले स्त्री-पुरुष, कोणाच्या हाती दीडशे वर्षांपूर्वीची अस्सल रायफल, कोणाच्या हाती इटलीत बनलेली प्रतिकृती. मी लढाईची नक्कल पाहायला मिळेल अशा समजुतीने गेलो होतो. येथे नक्कल नाही. खऱ्या गोळ्या, खरी लक्ष्ये, आणि घड्याळ.

मस्केटच्या स्पर्धेत आठ जणांचा संघ रांगेत उभा राहतो. समोर मातीच्या तबकड्या, फरशीचे टांगलेले तुकडे, कुंड्या; सर्व फुटेपर्यंत लागलेला वेळ मोजायचा. इशारा होताच पहिला बार जवळपास एकसाथ उडतो आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते. तिच्यामागून गजांचा खणखणाट तेवढा ऐकू येत राहतो. मिनिटाला तीन बार ही त्या काळच्या चांगल्या शिपायाची गती मानली जाई, आणि येथले काही जण तीही ओलांडताना दिसले. वारा नसला की धूर हलत नाही. मग नेम धरण्याऐवजी धुरातली फट शोधत बसावे लागते.

सुरुवातीला एक लहानशी गोष्ट जवळून पाहिली. बंदूक भरण्यापूर्वी प्रत्येक जण नुसती टोपी बसवून, नळीचे तोंड गवताजवळ नेऊन चाप दाबत होता. टोपीच्या फटक्याने समोरचे गवत हलले, तर निपलपासून तोंडापर्यंत वाट मोकळी आहे असे समजायचे. आजोबा भरण्याआधी नळीत फुंकर मारून कानाशी बोट धरीत असत, ते याचसाठी, हे साठ वर्षांनी उमगले.

सहावा दिवस : यजमानाच्या शेतावर

जावयाच्या ओळखीतले एक गृहस्थ, स्वतः निवृत्त टर्नर, विंचेस्टरच्या पलीकडे शेतावर राहतात आणि त्यांच्याकडे १८६२ साली बनलेली १८६१ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड आहे. नळीच्या मागच्या टोकाला व्ही, पी आणि गरुडाचे डोके अशा परीक्षेच्या खुणा, लॉकवर गरुड आणि साल. १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पुरातन धरली जातात आणि साध्या बंदुकीच्या व्याख्येत मोडत नाहीत, म्हणून पाहुण्याने ती चालवण्यात अडचण नव्हती. तरी यजमानांनी ती माझ्या हाती देण्यापूर्वी दोन वेळा मला कोरडी भरायला लावली.

दारूचे माप ४५ ग्रेन, म्हणजे तीन ग्रॅमच्या आत. सैनिकाच्या काडतुसात ती ६० ग्रेन असे. सोरा, कोळसा आणि गंधक. युद्धाच्या पहिल्या वर्षी, १८६१ च्या अखेरीस, दारू कारखानदार लॅमो द्यू पाँ हे उत्तरेच्या सरकारसाठी इंग्लंडमध्ये सोरा विकत घ्यायला गेले होते, आणि तो सोरा होता हिंदुस्थानातला. स्प्रिंगफील्डच्या रायफलीतून उडालेला कितीतरी धूर आपल्या मातीतून निघालेला होता, हे यजमानांना मी सांगितले तेव्हा ते नुसते पाहतच राहिले.

गोळी मऊ शिशाची, ५०० ग्रेनच्या घरातली, मेण आणि चरबीच्या मिश्रणात बुडवलेली. अमेरिकी काडतूस दातांनी फाडून दारू ओतल्यावर गोळी कागदातून बाहेर काढूनच नळीत घालत, उलट एनफिल्डमध्ये चरबी लावलेला कागद गोळीसकट आत जाई. गोळी अंगठ्याने तोंडाशी बसवली, गज काढला आणि ती इतक्या सहज खाली उतरली की काही चुकले की काय असे वाटले. चार पाकळ्यांची टोपी निपलवर दाबली. ५० यार्डांवरच्या कागदावर, नेम धरण्याच्या मागच्या पात्यांपैकी १०० यार्डांसाठी असलेल्या सर्वांत खालच्या पातीतून नळीच्या टोकावरची माशी मध्यावर आणली आणि चाप दाबला. घोडा पडणे आणि बार होणे यांत फट जाणवली नाही. खांद्याला धक्क्यापेक्षा रेटा अधिक. गोळी मात्र मध्यापासून वीतभर वर लागली. यजमान हसले, या रायफली जवळच्या अंतरावर उंच मारतात, आणि म्हणून स्पर्धक पुढची माशी उंच करून घेतात, पण अस्सल बंदुकीला त्यांनी कानस लावलेली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मी खाली नेम धरला व दोन्ही गोळ्या मध्याजवळ, बोटभर अंतराने लागल्या.

चौथ्या वेळी जावयाने काही विचारले, मी त्याला उत्तर देत देत गोळी बसवली, ठासली, टोपी लावली आणि चाप दाबला. नुसतीच टोपी फुटली. दारू मी ओतलीच नव्हती. भोवती शांतता, समोर कागदाचे लक्ष्य, मागे गवतात ठेवलेला चहाचा थर्मास, आणि तरीही बंदूक भरण्याच्या नऊ हालचालींतली एक माझ्या हातून सुटली. गेटिसबर्गच्या त्या तेवीस बारांवर मग मला अविश्वास दाखवता येईना, आणि जावईही काही बोलला नाही.

यजमानांनी किल्लीने निपल काढला, त्या भोकातून बारीक दारूचे काही दाणे टिचकी मारमारून आत सोडले, निपल पुन्हा आवळला आणि टोपी लावली. फुसका आवाज झाला आणि गोळी वीसेक पावलांवर गवतात पडली. ती मी उचलून आणली; बांधाच्या मातीतून यजमानांनी आधीच्या तिनांपैकी एक खणून काढली.

मग उकळते पाणी नळीत ओतून सफाई झाली. पहिले पाणी काळे, कुजक्या अंड्याच्या वासाचे; तिसरे स्वच्छ. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली आणि आपोआप कोरडी झाली, तेव्हा यजमानांनी तेलाचा बोळा फिरवला. ओसरीवर बसून त्यांनी गोळ्या मापाच्या करण्याची पोलादी डाय टेबलावर ठेवली. तिचे भोक नळीपेक्षा इंचाचा जेमतेम हजारावा भाग कमी. गवतातून आणलेली गोळी मी तळाकडून तिच्यावर धरली आणि ती बोटाचा नुसता आधार मिळताच आरपार खाली पडली. बांधातली गोळी डोक्याकडून चेपली होती, पण तिचा तळ शाबूत होता आणि त्याच्या कडेवर तीन पिळदार खाचांचे ठसे उमटलेले होते. ती डायच्या तोंडावर ठेवली. यजमानांनी अंगठ्याने दाबून पाहिले, मग मी पाहिले. ती वरच अडून राहिली.